एका बोटाची चोरी

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. शनिवार सकाळ आहे, चहाचा दुसरा कप चालू आहे, आणि गेल्या आठवड्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. लिहून मोकळा होतो.

झालं असं. गेल्या शनिवारी ऑफिसातले आम्ही पाच जण बाणेरला एका मित्राच्या फ्लॅटवर जमलो होतो. याला हल्ली जॅम म्हणायचं असतं. (मैफल म्हटलं की लोक सतरंजी शोधायला लागतात.) दोन गिटारवाले, एक कॅजॉनवाला, गाणारी एक मैत्रीण आणि कीबोर्डवर अस्मादिक. दोन-तीन गाणी झकास झाली. चौथ्या गाण्याला एका गिटारवाल्याचं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे गेलं आणि तो वाजवायचा थांबलाच. म्हणाला, "अरे, तू एका बोटाने कॉर्ड दाबतोयस? सिंगल फिंगर मोड? ही तर चक्क चीटिंग आहे राव!"

सगळे हसले. मीही हसलो. आणि तेच मला लागलं, की मीही हसलो. तिथे सुचलं काहीच नाही. सगळी उत्तरं नेहमीप्रमाणे परतताना बाणेरच्या सिग्नलला सुचली. ती आता इथे देतोय, सविस्तर.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉर्ड म्हणजे एका वेळी वाजणारे तीन किंवा जास्त सूर. सा-ग-प एकदम दाबले की मेजर कॉर्ड. ग कोमल केला की मायनर. खरं तर त्यासाठी तीन बोटं लागतात. पण कॅसिओ, यामाहाच्या घरगुती कीबोर्डवर एक सोय असते. ती चालू केली की डाव्या बाजूची एकच पट्टी दाबायची, बाकीचे सूर यंत्र स्वतः भरतं. कॅसिओवर एक पट्टी म्हणजे मेजर. तिच्या उजवीकडची आणखी कुठलीही एक दाबली की मायनर, दोन दाबल्या की सेव्हन्थ, तीन दाबल्या की मायनर सेव्हन्थ. यामाहाचा हिशोब उलटा, म्हणजे डावीकडचा. मूळ पट्टीसोबत तिच्या डावीकडची जवळची काळी दाबली की मायनर, जवळची पांढरी दाबली की सेव्हन्थ, दोन्ही दाबल्या की मायनर सेव्हन्थ. झालं. एवढीच 'चोरी'.

आता मी हे कुठे शिकलो ते सांगतो, कारण माझा राग तिथून येतो.

मी मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातला, ब्रह्मपुरीकडचा. वैनगंगा ओलांडली की पलीकडे गडचिरोली जिल्हा आणि वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. गडचिरोलीत रेल्वे शिवते ती वडशाला. (गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला १९८२ साली, त्याआधी सगळा चांदा जिल्हाच.) पुण्यात कुणाला गाव सांगितलं की पहिला प्रश्न वाघाचा असतो, दुसरा नक्षलवाद्यांचा. तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही, म्हणून उत्तर मीच देऊन टाकतो. आमच्याकडे नाटकं होतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा सीझन सुरू होतो. वडशाला नाटक मंडळांची ऑफिसं आहेत, तिथे जाऊन गावकरी बुकिंग करतात. मंडईच्या किंवा शंकरपटाच्या निमित्ताने गावात मंडप पडतो, तिकिटं विकली जातात, आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. टीव्ही आला, मोबाईल आला, नाटक आहे तिथेच आहे. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या एका नाट्यवेड्या मित्राने मला विचारलं होतं, "ही झाडीपट्टी म्हणजे नक्की काय?" असो. त्यावर वेगळं भांडण करू.

या नाटकांमध्ये गाणी असतात, भरपूर. आणि ती समोर बसलेले वादक वाजवतात. माझा मामा त्यांतला एक. धानाच्या बांध्या आहेत थोड्या, कापणी आणि चुरणं उरकलं की वाजवायला मोकळा. तरुणपणी भजन मंडळात पेटी वाजवायचा, मग लहानसहान मंडळांसोबत जायला लागला, आणि दहाएक वर्षांपूर्वी त्याने नागपूरहून एक जुना कीबोर्ड घेतला. मामा एका बोटाने कॉर्ड दाबतो. मी त्याच्याकडूनच शिकलो, २०२० साली. कोरोनामुळे मी लॅपटॉप घेऊन घरी आलो होतो आणि त्याचे प्रयोग बंद होते. दोघंही रिकामे. (मी ऑफिशियली रिकामा नव्हतो. ह.घ्या.)

तर 'चीटिंग' म्हणणाऱ्यांनो, आता मुद्दे घ्या.

मुद्दा पहिला. डाव्या हाताचा इतिहास.

पियानो शिकणाऱ्या मुलाचे दोन्ही हात पहिल्या दिवसापासून पट्ट्यांवर असतात. आपल्याकडे काय झालं? युरोपात हार्मोनियम पायाने भाता हलवून वाजवायचे, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिची मांडी घालून वाजवायची हातपेटी केली. जमिनीवर बसणाऱ्या गवयासाठी हे मस्त झालं. पण एक किंमत मोजली: डावा हात भात्याला गेला. तेव्हापासून आपल्याकडे भजनात, कीर्तनात, तमाशात, शाळेच्या प्रार्थनेत पेटी वाजवणारे जे झाले, त्यांचा उजवा हात पंडित आणि डावा हात हमाल. यात त्यांचा दोष नाही, आणि संगीताचंही काही अडलं नाही, कारण आपलं संगीत एका वेळी एका सुराच्या मागे जातं. कॉर्डची गरजच नव्हती.

मग सिनेमाची गाणी आली, ती नाटकात आली. प्रेक्षकाला मागे भरलेला आवाज ऐकायची सवय झाली. आता पंचवीस वर्षं भाता हलवलेल्या माणसाच्या डाव्या हाताला तुम्ही म्हणणार की चल, चाळिशीत तीन-तीन बोटांची घडी शिक? तीही रात्रभर, गायक बदलला की पट्टी बदलत? एक बाई काळी पाचमध्ये गाणार, तिच्यानंतरचा नट काळी एकमध्ये. यंत्राने त्या हाताला एका पट्टीचं काम दिलं. पेटीवाल्याला कीबोर्डवर आणणारा हा पूल आहे. तो नसता तर मामा पेटीसकट घरी बसला असता आणि त्याच्या जागी शहरातून कुणीतरी आला असता किंवा पेन ड्राइव्ह लागला असता.

मुद्दा दुसरा. ही 'चोरी' नवी नाही आणि एकट्या मामाची नाही.

अ‍ॅकॉर्डियन पाहिलाय? डाव्या हाताला बटणांच्या रांगा असतात. एक बटण दाबलं की अख्खी मेजर कॉर्ड, शेजारच्या रांगेतलं दाबलं की मायनर, त्यापुढची रांग सेव्हन्थची. विजेशिवाय, शंभरहून जास्त वर्षांपासून. 'आराधना'तल्या (१९६९) 'रूप तेरा मस्ताना'चं अ‍ॅकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. गुडी सीरवाईंचं अ‍ॅकॉर्डियन तर हिंदी सिनेसंगीतात किती ठिकाणी आहे. या वाद्यात एका बटणाची कॉर्ड असते म्हणून त्यांना चीटिंगवाले म्हणायची हिंमत आहे कुणाची? अमेरिकेत ऑटोहार्प १९ व्या शतकात आलं, हॅमंडने १९५० मध्ये बटणाने कॉर्ड देणारा ऑर्गन काढला. कॅसिओ वाद्यांच्या धंद्यात उतरली १९८० मध्ये, म्हणजे या सगळ्यानंतर.

आणि माझ्या गिटारवाल्या मित्राबद्दल बोलायचं तर... तो कॅपो लावतो! गाण्याची पट्टी बदलली की कठीण कॉर्ड टाळायला गिटारच्या मानेला चिमटा लावायचा आणि ओळखीचेच आकार वाजवायचे. तारा जुळवतो तो मोबाईलच्या अ‍ॅपवर. त्याचा चिमटा म्हणजे टेक्निक आणि माझं बटण म्हणजे चीटिंग. वा!

हार्मोनियमचंच बघा. आज कीबोर्डकडे नाक मुरडणारे बरेच जण स्वतः पेटीवाले असतात. पण या पेटीला आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी तीसेक वर्षं बंदी घातली होती. आरोप काय? सूर ठरलेले, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, यांत्रिक वाद्य आहे. त्यातले काही आरोप खरेही होते. पण पेटी टिकली. का टिकली? कारण ती गावोगावी माणसाच्या हातात होती आणि माणसं तिच्यावर गात होती. आज तिचं एकल वादन ऐकायला आपण तिकीट काढून जातो.

आणि रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. तिथे तर एक बोटही लागत नाही, एकदा बटण दाबलं की तासभर चालू.

मुद्दा तिसरा. आपण कोण बोलणार?

हा खास माझ्या जातभाईंसाठी, म्हणजे आयटीवाल्यांसाठी. शेवटचं सॉर्टिंग स्वतः कधी लिहिलं होतं? इंटरव्ह्यूसाठी सोडून? एका शब्दाचं फंक्शन बोलावतो आणि यादी क्रमाने लागते. आत काय चाललंय ते शंभरातल्या नव्वदांना सांगता येणार नाही. मेमरी आपण मोजत नाही, असेंब्ली आपल्याला वाचता येत नाही. याला आपण अ‍ॅबस्ट्रॅक्शन म्हणतो, ते लिंक्डइनवर लावतो आणि त्यावर पगारवाढ मागतो. धानकऱ्याने तेच केलं की ती चीटिंग!

पण थांबा. इथे मी स्वतःच्याच विरुद्ध एक गोष्ट मान्य करतो, कारण त्याशिवाय भांडण प्रामाणिक होत नाही. जोएल स्पोल्स्कीने २००२ मध्ये एक प्रसिद्ध लेख लिहिला होता. त्याचा सारांश असा की अ‍ॅबस्ट्रॅक्शन कुठे ना कुठे गळतंच, आणि गळायला लागलं की आतलं माहीत असावं लागतं. एका बोटाची कॉर्डसुद्धा गळते. कुठे गळते ते मला मामाने दाखवलं.

२०२० च्या पावसाळ्यातली गोष्ट. पडवीत बसून मी मालकंसातलं एक गाणं वाजवत होतो. उजव्या हाताने चाल, डाव्या हाताने सा धरला आणि मायनर केला. कोमल गंधार आहे म्हणजे मायनर, इतकं माझं इंजिनिअरिंग. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. मामा आतून म्हणाला, "बाबू, पंचम कोन वाजवून रायला तिथं?"

मी तर पंचम वाजवतच नव्हतो. यंत्र वाजवत होतं! सा ची कॉर्ड, मेजर असो की मायनर, तिच्यात पंचम आलाच. आणि मालकंसात पंचम वर्ज्य. मी एक बोट ठेवलं आणि यंत्राने माझ्या नकळत रागाच्या बाहेरचा सूर आत आणून बसवला. मामा बाहेर आला, माझं बोट उचललं आणि सा वरून कोमल धैवतावर ठेवलं. एकच बोट, साधी मेजर. कोमल ध, सा, कोमल ग. तिन्ही सूर मालकंसातले! मग म्हणाला, आता मध्यमावर मायनर कर. म, कोमल ध, सा. तेही तिन्ही आतले. मालकंसाच्या पाच सुरांतून अशा दोनच कॉर्ड निघतात, तिसरी निघत नाही. मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. बरोबर होतं. भूपातही तसंच, सा ची मेजर आणि ध ची मायनर, बास. मामाने हे कागदावर मांडलं नव्हतं. पंचवीस वर्षं कानाने पंचम टाळला होता, म्हणून बोट आपोआप योग्य पट्टीवर गेलं.

भैरवीतही असंच. सा ला एकच पट्टी दाबून मोकळे झालात की शुद्ध गंधार भोंग्यासारखा ओरडतो. तिथे मायनर करायलाच हवी. मग कोमल रिषभावर मात्र एक बोट चालतं, कोमल रे, म, कोमल ध, सगळे भैरवीतले. आताच्या काही यामाहांवर स्मार्ट कॉर्ड नावाची सोय आहे, गाण्याची पट्टी सांगून ठेवली की एका बोटाने तिला साजेशी कॉर्ड लावते. चांगली आहे. पण मालकंसात पंचम नसतो हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणजे बघा, अक्कल बोटांच्या संख्येत नाहीये. कुठल्या पट्टीवर ठेवायचं आणि कधी उचलायचं, यात ती आहे. तीन बोटांनी चुकीची कॉर्ड धरणारे मी पुण्यात भरपूर ऐकलेत. एका बोटाने बरोबर धरणारा एक माणूस मला माहीत आहे, आणि त्याला कुणी चीटर म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

शिकणाऱ्या पोरांना मात्र मी ही सोय आधी देणार नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा डावा हात कोवळा असतो, त्याला तीन बोटांची घडी महिन्याभरात बसते. कॉर्डमधला कुठला सूर खाली ठेवायचा, कुठला वर, हे यंत्र ठरवतं तेव्हा वाजवणाऱ्याच्या हातून तो निर्णय जातो. हे नुकसान आहे, खरं नुकसान आहे. क्लासच्या सरांनी मुलाला सिंगल फिंगर बंद करायला सांगितलं तर सर बरोबर आहेत. पण मुलाला शिकवणं वेगळं आणि पोटासाठी वाजवणाऱ्याला हसणं वेगळं.

इथपर्यंत लेख माझ्या बाजूचा होता. आता माझ्या विरुद्धचा भाग. हा गाळला असता तर लेख छोटा झाला असता आणि मला झोपही नीट लागली असती. पण लिहितो.

खरी चोरी होते. पण ती कॉर्डच्या बटणाने होत नाही, त्याच्या शेजारच्या बटणाने होते.

या कीबोर्डवर एका बोटाची कॉर्ड बहुतेक वेळा एकटी येत नाही. तिच्याबरोबर रिदम येतो. पट्टी दाबली की कॉर्ड तर वाजतेच, शिवाय ढोलक, बास, झांजा, सगळी पलटण सुरू होते. कंपन्यांनी भारतासाठी काढलेल्या मॉडेलांत तर तबल्याचे ठेके भरून दिलेले असतात. दादरा, केरवा, हवा तो घ्या. आणि या दोन गोष्टी एकाच सोयीत बांधलेल्या असल्यामुळे आपल्याला त्या एकच वाटतात. त्या एक नाहीत.

२०२२ ची दिवाळी. गावात मंडई होती. त्या वर्षी मोठं नाटक बुक करण्याइतकी वर्गणी जमली नाही, म्हणून गावच्या पोरांनी गाण्यांचा आणि छोट्या नकलांचा कार्यक्रम ठेवला. मी पुण्याहून आलेला, आयटीवाला, म्हणून बिनपगारी सल्लागार. (आमच्याकडे तसाही भाच्याचा मान मोठा, मामा पाया पडतो.) खर्चाची यादी समोर आली. मंडप, साउंड, लाईट, वादक. पैसे कमी पडत होते. मी यादीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "कीबोर्डमध्ये ढीगभर रिदम आहेत, मग तबलजी कशाला?" दीड हजार रुपये वाचले. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मामा "बरं" म्हणाला. फक्त "बरं".

त्या तबलजीने मामासोबत वीस वर्षं वाजवलं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून दोघं गावोगाव गेले होते. त्या रात्री तो धुतलेला सदरा घालून आला आणि तिसऱ्या रांगेत बसला. कार्यक्रम चांगला झाला. पोरं नाचली. मध्ये एकदा गाणारा मुलगा अंतऱ्याची ओळ विसरला. तो थांबला, मशीन थांबली नाही. मामाने गडबडीने बोट इकडून तिकडे नेलं, कॉर्ड भलतीकडे, ठेका भलतीकडे, चार-पाच सेकंद नुसता गोंधळ. लोक हसले. तबलजी असता तर त्याने पोराचं तोंड पाहून एक आवर्तन तसंच फिरवलं असतं आणि पोराला ओळ आठवेपर्यंत कुणाला कळलंही नसतं. नाटकात तर हे पदोपदी लागतं. खलनायक कधी वळणार, नायिका कधी पडणार, विनोदी नट कुठे ओरडणार, हे तबलजी बघत असतो आणि थाप तिथे पडते. मशीन कुणाकडेच बघत नाही.

मध्यंतरात तो मागे आला आणि मामाला म्हणाला, "मशीन लयीले एकदम पक्की हाये." टोमणा नव्हता, खरंच कौतुकाने म्हणाला. मला तिथे थांबवलं नाही.

रात्री घरी जाताना मामा एवढंच बोलला. "बाबू, सूर मले मशीनीतून भेटते. पन मी चुकलो तं मले सांभाळन कोन?"

पुढच्या वर्षी तो तबलजी नागपूरला बांधकामावर गेला. माझ्या दीड हजारामुळेच गेला असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं होईल. धान पडलं होतं, पोरीचं लग्न होतं, कारणं बरीच असतील. पण त्या कारणांमध्ये माझंही एक आहे आणि ते मला खोडता येत नाही.

आता सांगा, गेल्या शनिवारी मला कुणी चीटर म्हणायला हवं होतं का? हवं होतं. पण एका बोटासाठी नाही. त्यासाठी तिघांना खटकायला हवं होतं ते हे, की आमचा कॅजॉनवाला मित्र त्याआधीचे दोन शनिवार आलाच नव्हता आणि आम्ही बिनधास्त माझा रिदम लावून वाजवलं होतं. तेव्हा कुणी 'चीटिंग' म्हणालं नाही. उलट म्हणाले, "भारी सोय आहे रे!"

इथेच माझी सगळी चिडचिड आहे. आपण बोटं मोजतो आणि माणसं मोजत नाही. एक माणूस कमी मेहनतीत सूर काढतो हे आपल्या डोळ्यात खुपतं, कारण आपण मेहनत करून आलोत असं आपल्याला वाटत असतं. पण बाजूचा माणूस उठून गेला आणि त्याच्या जागी बटण आलं, तर ती कार्यक्षमता!

ऑफिसात हेच चाललंय ना? एआयने कोड पूर्ण करून दिला तर तो वापरावा की नाही यावर आम्ही जेवणाच्या सुट्टीत तासभर वाद घालतो. खरा इंजिनिअर कोण, खोटा कोण. आणि त्याच महिन्यात टीममधले दोन टेस्टर कमी झाले तेव्हा त्यांच्या निरोपाला केक कापला आणि जागेवर येऊन बसलो. पहिलं म्हणजे एका बोटाची कॉर्ड आहे. माझ्या हाताला जे जमत नाही ते जमवून देते. दुसरं म्हणजे रिदमचं बटण. ते माझ्या बाजूची खुर्ची रिकामी करतं. दोन्ही एकाच डब्यात येतात म्हणून दोन्ही एकच समजायचं, हा आळस आहे. मग एक तर दोन्हींची आरती ओवाळतो, नाहीतर दोन्हींना शिव्या देतो.

मी दोन्ही वेगळी करायला शिकलोय. बऱ्याच कीबोर्डांवर ते करता येतं. आमच्याकडच्या यामाहावर साथ चालू ठेवून रिदम सुरूच केला नाही तर एका पट्टीवर नुसती कॉर्ड धरून राहते. ठेका माणसाने द्यायचा. पाच मिनिटांचं काम आहे. मला ते माहीत असायला हवं होतं, मॅन्युअल वाचण्याचा पगार घेतो मी. २०२२ मध्ये वाचलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत मामाकडे गेलो तेव्हा त्याने ही सेटिंग आधीच शोधून ठेवली होती. पुठ्ठ्यावर मार्करने बटणांचा क्रम लिहून कीबोर्डला चिकटवलाय. तबला वाजवायला शेजारच्या गावचा एक पोरगा येतो, कॉलेजात शिकणारा. कच्चा आहे, घाई करतो. मामा त्याच्याकडे बघतो आणि बोट जरा उशिरा उचलतो, म्हणजे पोराला मागे यायला जागा मिळते. जुन्या तबलजीला फोन केला होता, सीझनला ये म्हणून. तो म्हणाला बघतो.

तर मित्रा, पुढच्या शनिवारी मी एका बोटानेच वाजवणार आहे. तू कॅपो लाव, माझी काही हरकत नाही. फक्त कॅजॉनवाल्याला आधी फोन कर. तो येणार नसेल तर आपण टाळी वाजवून ठेका धरू, मी रिदम लावणार नाही.

आणि दिवाळीनंतर सुट्टी शिल्लक असेल तर वडशाला चला. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी पकडायची. रात्र जागायची तयारी आणि एक स्वेटर, बाकी काही लागत नाही. नाटक पहाटे संपतं. तेव्हा वादकांकडे जाऊन बघा किती बोटांनी वाजवतात ते, आणि मग सांगा मला.